कोंबडीचा पगार आणि तिची कपात

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मावसबहिणीच्या गावी दोन दिवस मुक्कामाला गेलो होतो. तिच्या घरामागे ब्रॉयलर कोंबड्यांचे शेड आहे, दोन हजार पिल्लांचे. कंपनी पिल्ले देते, खाद्य देते, लसी देते. शेड, पाणी, वीज, जमिनीवर अंथरायचे भाताचे तूस आणि रात्रंदिवसाची राबणूक आपली. पाच-सहा आठवड्यांनी कंपनीची गाडी येते, पक्षी उचलते आणि वजनावर किलोमागे ठरलेले पैसे देते. शेड उभे करायला बहिणीने बचत गटातून कर्ज काढले आहे. त्याचा हप्ता मात्र बॅच चांगली गेली की वाईट, हे बघत नाही.

रात्री जेवणे झाल्यावर तिने एक पिशवी आमच्यापुढे उपडी केली. सगळ्या चिठ्ठ्या आणि पावत्या.

"दादा, तू ऑफिसात दिवसभर हेच करतोस. एवढा हिशेब बघ. बॅच वाईट गेली नाही, मरही फार नाही. मग हातात काहीच कसं उरत नाही?"

आम्ही चष्मा लावला आणि बसलो. गाडीत १,९२० पक्षी भरले गेले होते. वजन ३,८४० किलो. किलोला ७ रुपये दराने २६,८८० रुपये. खाद्याची १३८ पोती, म्हणजे ६,९०० किलो. एक किलो वजन वाढायला साधारण १.८ किलो खाद्य. याच आकड्याला हे लोक एफसीआर म्हणतात. तो कमी आला तर कंपनी वरचे पैसे देते, जास्त आला तर कापते.

मग वीज, तूस, मजुरी यांच्या चिठ्ठ्या लावल्या. आणि शेवटी औषधाच्या दुकानाची उधारी निघाली : ६,४०० रुपये. लिव्हर टॉनिक, बी-कॉम्प्लेक्स, एन्झाइमची पुडी, 'ताकदीची पावडर', आणि एक पुडी अशी की तिच्यावर नाव नाही, गाव नाही. कमाईचा जवळजवळ पाव हिस्सा या पुड्यांत गेला होता.

आम्ही विचारले, "हे सगळं कशासाठी?"

दाजी म्हणाले, "पाव्हणं, उन्हात पक्षी गळतो. पावडरीनं त्याला ताकद येती. दुकानदारच सांगतो ना."

ताकद येते म्हणजे काय होते? ती पुडीतून येते की पोत्यातून? आम्हाला उत्तर आले नाही. आम्ही बी.कॉम. झालेलो कारकून माणूस. कोंबडीबद्दल आमचे ज्ञान ताटापुरतेच. पण प्रश्न हिशेबाचा होता म्हणून सोडवेना. परत आल्यावर पुस्तके मिळवली, तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातील डॉक्टरसाहेबांना दोन वेळा जाऊन त्रास दिला. जे समजले ते आमच्या भाषेत सांगतो, कारण शेड टाकणारी घरे आता आपल्या वाचकांतही आहेत.

कोंबडीचे खाद्य म्हणजे तिचा पगार. मका आणि सोयाबीनची पेंड हे त्यातले मोठे हिस्से, थोडे तेल, बाकी क्षार आणि जीवनसत्त्वे. एक किलो ब्रॉयलर खाद्यातून पक्ष्याला उपयोगी पडणारी ऊर्जा साधारण ३,००० ते ३,२०० किलोकॅलरी असते. पण हा कपात झाल्यानंतरचा आकडा आहे. पोत्यातली एकूण ऊर्जा १०० रुपये धरली, तर त्यातले पंचवीसेक रुपये न पचता विष्ठेवाटे जातात. राहिले पंचाहत्तर. आता हे पचवायला, रक्तात घ्यायला, त्याचे मांस करायलाही कष्ट पडतात. त्या कष्टाची उष्णता होते आणि अंगातून निघून जाते. त्यात पंचाहत्तरातला साधारण चौथा हिस्सा गेला. म्हणजे हातात आले पन्नास-पंचावन्न.

आपल्याला ठाऊक आहे, हातात आलेला पगारही सगळा शिल्लक राहत नाही. आधी घरभाडे, किराणा, दिवाबत्ती. कोंबडीचेही तसेच. हृदय चालवायचे, श्वास घ्यायचा, अंग ४१ अंशांवर राखायचे, चालायचे-फिरायचे, आजाराशी झगडायचे. हा तिचा घरखर्च. तो भागल्यावर जे उरते त्याचेच मांस बनते. कंपनीचा काटा मोजतो ती ही शिल्लक.

एवढे लक्षात आले की पुड्यांचे कोडे निम्मे सुटते. कोणतीही चिमूटभर पावडर पगार वाढवू शकत नाही. पगार वाढवायचा तर पोत्यात काही घालावे लागते. तेल घातले तर ऊर्जा खरोखर वाढते, कारण तेल हे अन्नच आहे आणि त्यात मक्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. बाकीच्या पुड्यांना दोनच गोष्टी करता येतात. कपात कमी करणे किंवा घरखर्च कमी करणे. आणि तेही केव्हा? जिथे कपात नाहक होत असेल तेव्हाच.

याची पहिली साक्ष कोंबड्यांनीच दिली आहे आणि ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या वेळी जावा बेट डचांच्या ताब्यात होते. बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, येथे क्रिस्टियान आइकमन नावाचा डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा जंतू शोधत होता. हातपाय लुळे पडून माणसे मरत. १८९० च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच लुळ्या पडू लागल्या. उभे राहवेना, मान मागे वळे. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. जंतू काही सापडला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून उरलेला पांढराशुभ्र, सडलेल्या तांदळाचा भात कोंबड्यांना घातला जात होता. मग स्वयंपाकी बदलला. नवा स्वयंपाकी कायद्याचा पक्का. लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही, म्हणाला. मग त्यांना कोंड्यासकटचा तांदूळ घालू लागले आणि कोंबड्या उठून चालू लागल्या.

आम्ही सरकारी कागदांत उभे आयुष्य घालवले, पण नियमाच्या आडमुठेपणाने एवढे भले झाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

कोंड्यात काय होते ते पुढे उलगडले. आइकमनला सुरुवातीला वाटले, तांदळातच विष आहे आणि कोंडा त्यावर उतारा. त्याच्यामागून आलेल्या गेरिट ग्राइन्सने १९०१ मध्ये बरोबर सांगितले की, पांढऱ्या तांदळात एक गरजेची वस्तू नाही. ती वस्तू म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, थायमिन. १९२९ मध्ये आइकमनला नोबेल पारितोषिक मिळाले ते या कोंबड्यांमुळे. थायमिन स्वतः ऊर्जा देत नाही. पण पिठूळ अन्नातली ऊर्जा मोकळी करायची तर ते लागतेच. नसेल तर पोटात भात आहे, रक्तात साखर आहे आणि तरी मज्जातंतू उपाशी. तिजोरी भरलेली, पण किल्ली हरवलेली.

आता यातला बारकावा पाहा. किल्ली नसलेल्याला एक किल्ली दिली तर तिजोरी उघडते. जिच्याजवळ किल्ली आहे तिला आणखी दहा दिल्या तर पैसे दहापट होत नाहीत. बी-१ बाबत जे खरे, तेच पुडीतल्या बहुतेक मालाबाबत खरे आहे. कमी असेल तिथे चिमूटभराने चमत्कार होतो. पुरेसे असेल तिथे वरचे जाते विष्ठेवाटे, आणि त्याचे बिल येते आपल्या नावावर.

बहिणीच्या चिठ्ठ्यांतला एकेक माल या कसोटीवर लावून पाहिला.

एन्झाइमची पुडी घ्या. मका, गहू, भाताचा कोंडा, सोयापेंड यांच्या पेशींच्या भिंती कोंबडीला पचत नाहीत. त्यातला काही भाग आतड्यात चिकट लगदा करतो आणि तेल व पीठ त्यात अडकून पडते. झायलनेजसारखे एन्झाइम या भिंती फोडते. म्हणजे न पचता जाणारा हिस्सा कमी होतो. फायटेज नावाचे दुसरे एन्झाइम धान्यात अडकलेले फॉस्फरस सोडवते. त्याचे मुख्य काम हाडांसाठी. दोन्ही खरी आणि उपयोगी. पण गव्हाच्या, कोंड्याच्या खाद्यात झायलनेजचा फायदा जास्त, चांगल्या मक्याच्या खाद्यात कमी. आणि मोठ्या कारखान्यातले तयार खाद्य बहुधा एन्झाइम घालूनच येते.

दुसरी वस्तू, लायसिन आणि मिथिओनिन. ही प्रथिनांच्या विटांतली कमी पडणारी विटकरे. ती अचूक घातली की एकंदर प्रथिन थोडे कमी ठेवता येते. हे महत्त्वाचे अशासाठी की, जादा प्रथिन कोंबडी साठवत नाही. ते मोडून त्याचे युरिक आम्ल करून बाहेर टाकावे लागते. त्यात ऊर्जाही जाते आणि अंगात उष्णताही वाढते. म्हणजे हा घरखर्चच वाचवण्याचा मार्ग. पण हे मोजून-मापून कारखान्यात घालायचे असते. शेडमध्ये डब्यात ढवळून नव्हे.

तिसरी, चरबी जाळायला मदत करते म्हणून विकली जाणारी कार्निटिनची पावडर. कार्निटिन चरबीला पेशीतल्या भट्टीपर्यंत पोचवते हे खरे. पण कोंबडी ते स्वतःच्या अंगातही तयार करते. ब्रॉयलरवरच्या प्रयोगांत कुठे फायदा दिसला, कुठे काहीच नाही. दाजींची 'ताकदीची पावडर' म्हणजे साखर, थोडे बी-कॉम्प्लेक्स आणि हेच कार्निटिन. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेले होते.

आम्ही डॉक्टरसाहेबांना म्हणालो, "म्हणजे हे सगळे फसवणूकच?"

ते म्हणाले, "तसे म्हणू नका. वस्तू खऱ्या आहेत. पण पोत्यात आहेत की नाहीत हे न बघता तुम्ही त्या दुसऱ्यांदा विकत घेता. एकदा कंपनीने घातल्या, एकदा तुम्ही. आणि समजा लाभ झाला, खाद्य वाचले, तर खाद्य कुणाचे?"

खाद्य कंपनीचे. आमच्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. पावडरीचा खर्च बहिणीचा आणि वाचलेले पोते कंपनीचे. तिच्या वाट्याला एफसीआरच्या बक्षिसाचे थोडे पैसे. हा व्यवहार कोणत्या वहीत बसतो?

मग उन्हाचे काय? पक्षी गळतो हे तर आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. दुपारी पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकत होते. कोंबडीला घाम येत नाही. धाप हाच तिचा पंखा. पण हा पंखा फुकट चालत नाही, धापा टाकायलाही ऊर्जा लागते. शिवाय धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड जादा बाहेर पडतो आणि रक्ताचा तोल बिघडतो. वाढलेल्या ब्रॉयलरला १८ ते २४ अंश सुखाचे. आमच्याकडे उन्हाळ्यात त्याच्या वर किती जाते ते सांगायला नको. अशा वेळी कोंबडी स्वतःच खाणे कमी करते, कारण खाल्ले की अंगात आणखी उष्णता होते. म्हणजे पगार कमी आणि घरखर्च जास्त. वजन येणार कुठून?

इथे काही पुड्यांना खरोखर काम आहे. पाण्यात मोजून दिलेले क्षार, खाण्याचा सोडा, पोटॅशियम क्लोराइड, रक्ताचा तोल सावरतात. क जीवनसत्त्व कोंबडी स्वतः बनवते, पण कडक उन्हात ते अपुरे पडते. म्हणून त्या दिवसांत देतात. साखरेच्या बीटपासून मिळणारे बीटेन पेशीत पाणी धरून ठेवते, त्यामुळे आतड्याच्या पेशींचे कष्ट हलके होतात. हे सगळे डॉक्टरांच्या मापाने आणि उन्हाच्या दिवसांपुरते.

पण डॉक्टरसाहेबांनी यादीत पुडी शेवटी लिहिली. आधी लिहिले : पत्र्यावर चुन्याचा हात. बाजूला भिजवलेली गोणपाटे, पण वारा न अडवता. पाण्याची टाकी सावलीत, भांडी जादा. आणि सर्वांत महत्त्वाचे, दुपारच्या कडक वेळी खाद्य बाजूला. पहाटे आणि रात्री थंडाव्यात पोटभर. खाल्ल्यानंतर काही तासांनी अंगातली उष्णता चढते, ती भर दुपारी चढू द्यायची नाही, एवढेच त्यातले शास्त्र. यात पैसे कमी आणि जागरण जास्त. जागरण कोण करते, ते आमच्या बहिणीच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांनी सांगितलेच होते. त्यामुळे "रात्री खाद्य घाला" असे लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. घरातल्या सर्वांनी पाळी लावून घ्यावी, एवढे तरी म्हणू.

राहिली ती बिननावाची पुडी.

१९४८ ते १९५० या काळात अमेरिकेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टाड हे पिल्लांना बी-१२ जीवनसत्त्व कुठून मिळेल हे शोधत होते. प्रतिजैविक औषध तयार करून उरलेला चोथा त्यांनी खाद्यात घातला, तर पिल्ले बी-१२ च्या हिशेबाहूनही जास्त वाढली. चोथ्यात उरलेल्या औषधाचा तो परिणाम होता. आतड्यातले जंतूही खाद्यातला आपला वाटा खातात आणि आतड्याच्या अस्तराची डागडुजी सतत करावी लागते. औषधाने जंतू दबले की तो खर्च वाचतो आणि त्याचे मांस होते. हिशेब बरोबर होता. म्हणूनच जगभर कोंबड्यांना रोग नसतानाही औषध चारले गेले.

पण वहीत एक रकाना कोणी लिहिलाच नव्हता. रोज थोडे-थोडे औषध मिळाले की त्याला दाद न देणारे जंतू तयार होतात. ते विष्ठेत येतात, तुसात येतात, शेड झाडणाऱ्याच्या हाताला लागतात. कोलिस्टिन हे औषध माणसाला दुसरे काही लागू पडेनासे झाले की देतात. त्याला न जुमानण्याची ताकद देणारे आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे जनुक सापडल्याचे चीनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये जाहीर केले. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणे १ जानेवारी २००६ पासून बंद केले होते. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाण्याच्या जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी कोलिस्टिन बनवण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली.

बहिणीच्या पुडीत काय होते? डॉक्टरसाहेबांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "नाव नाही म्हणजे मी सांगू शकत नाही. आणि सांगता येत नाही, ते पाण्यात घालू नका." तीच पुडी ती रोज हाताने पाण्यात कालवत होती आणि त्याच हाताने भाकरी थापत होती. हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली.

पुढच्या बॅचला तिने आमच्या सांगण्यावरून एक गोष्ट केली. शेडच्या मधोमध जाळी लावली. दोन्हीकडे हजार-हजार पिल्ले, तेच खाद्य, पाण्याचे ड्रम मात्र दोन. एकीकडे ताकदीची पावडर, दुसरीकडे नुसते स्वच्छ पाणी. दर रविवारी दोन्हीकडचे पन्नास-पन्नास पक्षी तिने आणि तिच्या मुलीने वजन केले आणि वहीत लिहिले. पस्तिसाव्या दिवशी पावडरवाल्या बाजूचे सरासरी वजन दहा ग्रॅम जास्त भरले.

दाजी खुश झाले. "बघा, आहे की फरक!"

पोरगी आठवीत आहे. तिनेच गुणाकार केला. दहा ग्रॅम, ९६० पक्षी, ९ किलो ६०० ग्रॅम. किलोला ७ रुपये, म्हणजे ६७ रुपये. त्या बाजूची पावडर आली होती १,५०० रुपयांची. पन्नास पक्ष्यांच्या वजनात दहा ग्रॅम इकडचे तिकडे सहज होतात, हे आम्ही सांगायचे होते. पण सांगायची गरज पडली नाही.

औषध दुकानाची उधारी अजून थोडी बाकी आहे. दर महिन्याला ती फेडते आहे. या उन्हाळ्याआधी तिने पत्र्याला चुना लावला आणि पाण्याचा तिसरा ड्रम घेतला. वहीत तिने आता एक नवा रकाना आखला आहे : 'कशासाठी'. कोणतीही पुडी घरात आली की त्या रकान्यात काहीतरी लिहावे लागते, आणि लिहिता आले नाही तर पुडी परत जाते.

आपल्या घरी किंवा नात्यात कोणाचे शेड असेल, तर वाचकांनी एवढेच करावे. पोत्यावरची चिठ्ठी आधी वाचावी. पुडीवर नाव, घटक, माप आणि कंपनीचा पत्ता आहे का ते पाहावे. जनावरांच्या दवाखान्यात जाऊन विचारावे. विचारायला लाज कसली? आणि अर्ध्या शेडला देऊन, अर्ध्याला न देऊन स्वतःच्या काट्यावर बघावे. दुकानदार त्याच्या वहीत लिहितो, कंपनी तिच्या वहीत लिहिते. तिसरी वही आपली असू द्या.